चीड आणि कैल

पश्चिम हिमालयात पाइनच्या दोन जाती सर्वांत जास्त भेटतात. खालच्या उतारांवर चीड, वरच्या उतारांवर कैल. काल्क्याहून सिमल्याला जाणारी छोटी रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली ती साहेबांच्या उन्हाळी राजधानीसाठी. पण या दोन झाडांची ओळख करून घ्यायला तिच्याइतका सोयीचा रस्ता नाही. काल्का समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर, सिमला २,०७६ मीटरवर. मधले ९६ किलोमीटर गाडी रमतगमत चढते. सुरुवातीला दोन्ही बाजूंना मैदानी काटेरी झुडपे असतात. मग विरळ, उंच, सरळसोट चीड दिसू लागतात आणि बरोगच्या आसपास तर डोंगरच्या डोंगर त्यांचे होतात. सिमला जवळ येते तशी सावली दाट आणि ओलसर होते, बांज (हिमालयातला ओक) आणि देवदार पुढे येतात, आणि त्यांच्यात निळसर झाक असलेला, फांद्या सैल सोडलेला एक वेगळा पाइन मिसळतो. तो कैल.

आकड्यांत सांगायचे तर चीड साधारण ४५० ते २,३०० मीटर उंचीपर्यंत वाढतो आणि कैल १,८०० पासून ३,७०० मीटरपर्यंत. अर्थात डोंगर या आकड्यांना फारसा बांधील नसतो. उन्हाकडे तोंड केलेल्या कोरड्या दक्षिण उतारावर चीड बराच वर चढतो, आणि थंड, सावलीच्या उत्तर उतारावर कैल खाली उतरतो. त्यामुळे एकाच दरीच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन निरनिराळी जंगले उभी असलेली दिसतात. चिडाला पावसाळी वाऱ्यांच्या वाटेवरच्या बाहेरच्या रांगा मानवतात. कैल पावसाच्या पडछायेतल्या आतल्या खोऱ्यांतही, बर्फाच्या भरवशावर, लाहौलपर्यंत जातो. भूतानमध्ये हीच विभागणी पुन्हा दिसते: पुनाखाच्या उबदार, कोरड्या दरीत चीड, तर पारो, थिंफू आणि बुमथांगच्या थंड दऱ्यांत कैल.

महाराष्ट्रातल्या डोळ्यांना या झाडांची सवय नसते, कारण सह्याद्रीतच काय, साऱ्या दख्खनच्या द्वीपकल्पात मूळचा असा एकही पाइन नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू लांबून पाइनसारखा वाटतो आणि वाऱ्यात तसाच सूंसूं आवाज करतो. पण तो फुलणाऱ्या वनस्पतींपैकी आहे आणि त्याच्या ज्या सुया वाटतात त्या बारीक फांद्या आहेत. पाइनच्या सुया ही खरी पाने.

चीड आणि कैल ओळखण्याची पहिली खूण या सुयांतच आहे. पाइनची पाने सुटी येत नाहीत, जुडीने येतात. चिडाच्या जुडीत तीन सुया, कैलाच्या जुडीत पाच. चिडाची सुई वीतभर किंवा त्याहूनही लांब, फिकट हिरवी आणि राठ. जुडीच्या बुडाशी तपकिरी कागदी वेष्टन असते आणि ते सुई गळेपर्यंत तसेच राहते. कैलाची सुई आखूड, बारीक, मऊ. तिच्या आतल्या बाजूंवर पांढुरक्या रेघा असतात आणि त्यांच्यामुळेच झाडाला लांबून निळसर रंग येतो. तिचे वेष्टन मात्र कोवळेपणीच गळून जाते. सुई आडवी कापून भिंगाखाली धरली तर फरक आणखी खोल जातो. चिडाच्या सुईच्या मध्यातून रसवाहिन्यांचे दोन जुडगे गेलेले दिसतात, कैलाच्या सुईतून एकच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाइनच्या साऱ्या कुळीची दोन मोठ्या शाखांत वाटणी केली ती याच खुणेवर: दोन जुडग्यांचे ते कठीण पाइन, एका जुडग्याचे ते मऊ पाइन. सुया मोजण्याची सोपी युक्ती मात्र दर वेळी लागू पडत नाही. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारा चिलगोजा ज्या झाडाचा, तो किन्नौरचा पाइनही तीन सुयांचाच. तरी तो चिडाच्या बाजूचा नाही, कैलाच्या शाखेतला आहे.

शंकूंच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही. पहाडातून परतणाऱ्या मराठी घरांत शोकेसमध्ये जाऊन बसतो तो शंकू बहुतेक वेळा चिडाचा असतो: अंडाकृती, जाड, लाकडासारखा टणक, खवल्यांची टोके मागे वळलेली. कैलाचा शंकू वीतभर लांब, निमुळता, पातळ खवल्यांचा. तो फांदीच्या टोकाला लोंबतो आणि त्यावर राळेचे पांढरे ओघळ असतात. हाताला चिकटतो म्हणून लोक तो उचलून पुन्हा टाकून देतात.

चिडाचे सगळे आयुष्य आगीच्या हिशेबाने बेतलेले आहे. त्याची साल तांबूस तपकिरी, खोल भेगा पडलेली आणि जाड असते. वणवा जमिनीलगत पसरून गेला तर बाहेरचे कवच काळे पडते आणि आतले झाड जगते. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, जुन्या सुया गळू लागतात. पहाडात या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. पिरूल कुजायला फार वेळ घेतो, घसरडा असतो आणि त्याच्या जाड थराखालून गवत वर येत नाही. त्याच दिवसांत शंकू उन्हाने तडकतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर जाते. मे-जूनमध्ये वणवे लागतात. पिरूल जळून जमीन उघडी होते, पाठोपाठ पाऊस येतो आणि उघड्या मातीत, भरपूर उजेडात रोपे उगवतात. कोवळे रोप आगीत होरपळले तरी बुडाशी पुन्हा फुटवा धरते. पाइनमध्ये ही ताकद थोड्याच जातींत आहे.

हे वेळापत्रक जुन्या लोकांच्याही लक्षात आले असावे. कालिदासाच्या मेघदूतात सरल वृक्षांची खोडे वाऱ्याने एकमेकांवर घासून वणवा पेटतो, त्यात चमरी गाईंच्या शेपटीचे केस होरपळतात आणि यक्ष मेघाला तो वणवा विझवायला सांगतो. सरल म्हणजे चीडच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या वणव्यांमागे खोडांचे घर्षण शोधण्यात अर्थ नाही. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, काही चुकून, काही मुद्दाम.

कैलाला आग सोसत नाही. त्याची साल पातळ, तरुणपणी तर गुळगुळीत करडी. एक बरा वणवा कैलाच्या तरुण रोपांचा पुरा निकाल लावतो. त्याचे वर्ष बर्फाच्या कलाने चालते. शंकू सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात, बी हिवाळ्यापूर्वी पडते, बर्फाखाली राहते आणि वसंतात उगवते. हा थंडीचा मुक्काम त्या बियांना मानवतो. वरून नाजूक दिसणारे हे झाड दुसऱ्या बाबतीत मात्र धीट आहे. दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर, नदीने आणून टाकलेल्या गोट्यांत, ओसाड सोडलेल्या शेतात, मागे हटलेल्या हिमनदीच्या राडारोड्यात कैल सर्वांच्या आधी येऊन उभा राहतो. त्याच्या विरळ सावलीत मग देवदाराची रोपे धरतात. देवदाराच्या जंगलाचे कौतुक करताना त्याच्या आधी तिथे येऊन गेलेल्या कैलाचे नाव सहसा कुणी घेत नाही.

कैलाचा खास शत्रूही आहे. बांडगुळाच्या कुळातली एक वनस्पती, आर्स्युथोबियम मिनुटिसिमम, त्याच्या फांदीच्या आत राहते आणि बाहेर फक्त काही मिलिमीटरचे कोंब काढते. जगातल्या सर्वांत लहान परोपजीवी वनस्पतींमध्ये तिची गणना होते. एवढीशी ती, पण तिच्यामुळे फांद्यांचे वेडेवाकडे झुबके होतात आणि मोठे झाड वाळून जाते.

माणसाने दोघांकडून वेगवेगळ्या वस्तू घेतल्या. हिमाचलात इमारती लाकडाचा मान देवदाराला, आणि त्याच्या खालोखाल कैलाला. कैलाचे लाकूड हलके, गुलाबी छटेचे, रंध्याला सोपे. दारे, खिडक्या, कपाटे त्याची होतात. गावकऱ्यांना घरासाठी जंगलातून झाड मिळण्याचा जो जुना हक्क तिथे ‘टीडी’ म्हणून ओळखला जातो, त्यात देवदारानंतर लोकांचा डोळा कैलावर असतो. चिडाचे लाकूड त्या मानाने दुय्यम. त्याचा धागा पुष्कळदा खोडाभोवती पीळ घेत वर जातो आणि अशी फळी वाळताना वाकडी होते. पण त्यात राळ मुबलक असते. वीज पोचण्यापूर्वी कुमाऊंत चिडाच्या राळभरल्या ढलप्या, ज्यांना छिलुक म्हणत, पेटवून उजेड करत. चूल पेटवायला त्या अजूनही कामी येतात.

या राळेनेच चिडाला सरकारी झाड बनवले. खोडावर खाप घेऊन खाली भांडे अडकवायचे आणि पाझरणारा लीसा गोळा करायचा, ही पद्धत इंग्रजी अमदानीत कुमाऊंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजली. लीसा उकळून टर्पेंटाइन आणि राळ वेगळी करतात. टर्पेंटाइन रंग आणि वार्निशात जाते, राळ साबण, कागद, शाई यांत, आणि सारंगीच्या गजालाही लागते. भारतातला लीसा जवळजवळ सगळा चिडाचा. कैलाच्या खोडातूनही तो निघतो, पण व्यापाराला पुरेल इतका नाही. त्यात चिडाच्या लाकडाला क्रिओसोट पाजले की रेल्वेचे स्लीपर टिकतात हे लक्षात आले, आणि जंगलखात्याचा कल ठरून गेला.

पहाडातल्या शेतकऱ्याला मात्र चिडाचे काही कौतुक नव्हते. त्याला हवा होता बांज. त्याचा पाला गुरांना, लाकूड चुलीला, आणि त्याच्या मुळाशी ओल धरणारी काळी माती. चिडाखाली उन्हाळ्यात तो पिरूल जाळायचा, म्हणजे पावसाळ्यात गवत यावे. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंतली जंगले मोठ्या प्रमाणावर राखीव झाली आणि हे जाळणे गुन्हा ठरले. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयूत बुडवल्या, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव चिडाची जंगले पेटली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ या १९८९ च्या ग्रंथात एक लक्षणीय गोष्ट नोंदली आहे: आगी लागल्या त्या चिडाच्या जंगलांत, रुंद पानांच्या जंगलांना लोकांनी हात लावला नाही. राग सरकारवर होता, पण तो काढताना झाड नीट निवडलेले होते.

पुढे हीच तक्रार गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मांडली. वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींच्याही आधी जाऊन राहिलेल्या मीराबेन स्वातंत्र्यानंतर टिहरी गढवालच्या भिलंगना खोऱ्यात आश्रम करून होत्या. बांज मागे हटतो आहे, त्याची जागा चीड घेतो आहे आणि पाणी जमिनीत न मुरता उतारावरून वाहून जाते आहे, असे त्यांनी त्या काळात लिहिले. तेव्हापासून उत्तराखंडात चिडाला आरोपी ठरवण्याची पद्धत पडली आहे. हा न्याय अर्धाच आहे. बांज तोडून, चरवून, जाळून माणसाने जागा मोकळी केली आणि उघडी जमीन मिळताच तिथे उगवणे हा चिडाचा स्वभावच. पिरूल मात्र खराच डोईजड झाला आहे. २०२४ च्या मे महिन्यात, वणव्यांचा भर असताना, उत्तराखंड सरकारने ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ अशी मोहीम काढली आणि किलोला ५० रुपये भाव जाहीर केला. त्याच्या विटा करून जाळण्याचे, वीज करण्याचे प्रयोगही चालू आहेत.

कैल त्या मानाने बातम्यांत येत नाही. त्याच्याबद्दलची सर्वांत बोलकी नोंद २००३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आली. हिमाचलातल्या कैलाची वरची सीमा दर दशकाला उत्तर उतारावर सुमारे १४ आणि दक्षिण उतारावर सुमारे १९ मीटर वर सरकत असल्याचे तिथे मांडले होते. हिवाळे सौम्य होत जातील तसा कैल वर चढणार, ही अपेक्षा त्याच्या पुढे पुढे जाऊन जागा धरण्याच्या सवयीशी जुळणारीच आहे.

दोन्ही झाडांच्या शास्त्रीय नावांची कथा थोडी गमतीची. दोघांनाही पहिल्यांदा दिलेली लॅटिन नावे बाद झाली, आणि तीही एकाच कारणाने: तीच नावे आधी दुसऱ्या झाडांना देऊन झाली होती. चिडाला विल्यम रॉक्सबर्ग यांनी लांब पानांवरून नाव दिले होते. ते नाव बाद झाल्यावर १८९७ मध्ये अमेरिकन वनस्पतिज्ञ सार्जंट यांनी चिडाला पायनस रॉक्सबर्गी म्हटले. कैलाचे उंचीवरून दिलेले नाव युरोपातल्या स्प्रूसला आधीच मिळालेले निघाले, आणि १९३८ मध्ये तो पायनस वॉलिचियाना झाला. रॉक्सबर्ग हे स्कॉटिश डॉक्टर. १७९३ पासून वीस वर्षे कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे अधीक्षक. नॅथॅनियल वॉलिच हे डॅनिश डॉक्टर, श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत आलेले. रॉक्सबर्ग गेल्यावर त्याच बागेचे दीर्घकाळ अधीक्षक. हुगळीच्या काठावर जिथे धड एक पाइन वाढत नाही, तिथल्या एकाच खुर्चीवर बसलेल्या दोघांची नावे हिमालयाच्या दोन पाइनांना मिळाली. नेपाळी माणूस या भानगडीत न पडता एकाला खोटे सल्लो म्हणतो, दुसऱ्याला गोब्रे सल्लो. दोघेही सल्लोच.

डोंगरातल्या माणसाला ते एकाच घरातले वाटतात, आणि दिसण्यावरून तसे वाटणे साहजिक आहे. वंशावळ मात्र वेगळे सांगते. कठीण आणि मऊ पाइनांच्या शाखा एकमेकींपासून फुटल्या त्या डायनोसॉरच्या काळात. हिमालय तेव्हा नव्हता. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडला तो त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी. म्हणजे ज्या डोंगरावर हे दोघे शेजारी झाले, तो डोंगर त्यांच्या ताटातुटीपेक्षा पुष्कळ लहान आहे.

चिडाचा खरा भाऊबंद अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर आहे, आठ हजार किलोमीटरहून दूर. कॅनरी पाइनलाही तीन लांब सुया, जाड साल, आणि आगीनंतर फुटण्याची शक्ती चिडाहूनही जास्त. त्याचे वाढलेले झाडसुद्धा जळून काळे झाल्यावर खोडातून हिरवे कोंब काढते. मधल्या प्रदेशात, दक्षिण युरोपात, या घराण्याच्या झाडांचे जीवाश्म सापडतात. जुन्या टेथिस समुद्राच्या काठाने पसरलेल्या एका मोठ्या कुटुंबातले दोन टोकांचे दोघे उरले, मधले गेले.

कैलाचा गोतावळा आणखी पसरलेला आहे. बाल्कन डोंगरांतला मॅसिडोनियन पाइन त्याच्या जवळचा. चीनमध्ये त्याचे नातलग आहेत, आणि अमेरिकेच्या पूर्व भागातला पांढरा पाइन, ज्याच्या सरळ खोडांवर इंग्रजी आरमाराच्या डोलकाठ्यांची एकेकाळी मदार होती, तोही याच शाखेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर अमेरिकेत तांबेऱ्याचा एक रोग शिरला आणि तिथले पांढरे पाइन मरू लागले. तेव्हा रोगाला टक्कर देणाऱ्या जातींत कैलाचे नाव पुढे आले आणि संकरासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. तसा एक संकर त्याआधी आपोआपच घडून गेला होता. बर्लिनजवळ श्वेरिन नावाच्या एका सरदाराच्या बागेत हिमालयातला कैल आणि अमेरिकेतला पांढरा पाइन दोन्ही लावलेले होते, आणि त्यांच्यापासून झालेले झाड तिथे मिळाले. श्वेरिन पाइन या नावाने ते आज युरोपातल्या बागांत लावले जाते.

चीड आणि कैल यांच्या बाबतीत असे काही होण्याजोगे नाही. १,८०० ते २,३०० मीटरच्या पट्ट्यात दोघे एकमेकांत मिसळून उभे असतात, मुळे एकाच मातीत असतात. पण चिडाचा पराग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुटतो, कैलाचा त्यानंतर, आणि वेळ जुळली तरी उपयोग नाही; कठीण आणि मऊ पाइनांचा संकर रानात होत नाही आणि रोपवाटिकेतही कुणाला साधलेला नाही.